मोठा श्वास घे

चाकणच्या एका कारखान्यात मी तीन वर्षं रबर ताणत होते. सस्पेन्शनमधले बुश, इंजिनाखालचे माउंट, दाराच्या कडेच्या पट्ट्या. यूटीएम या ताण मोजणाऱ्या यंत्राच्या जबड्यांत नमुना धरायचा, ठरल्या वेगाने ओढायचा आणि पडद्यावर चढत जाणारी रेघ बघायची. नव्या माणसाला तिथे पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगत : पहिल्या पाच फेऱ्या धरायच्या नाहीत. रबर पहिल्यांदा ताणलं की कडक लागतं, दुसऱ्यांदा त्याहून मऊ, आणि चार-पाच फेऱ्यांनंतर ते एका आकड्यावर बसतं. याला मलिन्स परिणाम म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की सुरुवातीचे आकडे टाकून द्यायचे आणि स्थिरावलेला आकडा रिपोर्टमध्ये लिहायचा. पदार्थाला त्याचा म्हणून एक आकडा असतो आणि आपण तो शोधून काढतो, यावर माझा पक्का विश्वास होता.

आठ महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडून मी बॉस्टनला पीएचडीसाठी आले. हंटिंग्टन अव्हेन्यूवरून जाणाऱ्या ट्रॅमच्या थांब्यापासून आमची प्रयोगशाळा चालत पाच मिनिटांवर आहे. इथेही काम ताणण्याचंच आहे. फक्त रबराच्या जागी माणसाच्या श्वासनलिकेतल्या स्नायूपेशी आहेत.

यंत्रं शिकलेली मुलगी पेशींकडे का वळली, याचं कारण माझ्या घरात आहे. आमचं गाव कराडजवळ. ऊसतोडणी झाली की फडात पाचट पेटवतात आणि संध्याकाळी तो धूर गावावर उतरतो. दादाला लहानपणापासून दमा. त्या दिवसांत रात्री दोन-अडीचला तो उठून बसायचा. छातीतून शिट्टीसारखा आवाज, खांदे कानांपर्यंत चढलेले, बोलायला गेला तर एका दमात दोन शब्दसुद्धा पुरे होत नसत. आई त्याला भिंतीला टेकवून बसवायची, पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "मोठा श्वास घे रे बाळा, मोठा श्वास घे." आजी तेच म्हणायची, शेजारच्या काकू तेच म्हणायच्या, मीही म्हणायचे. दादा नुसती मान हलवायचा. एकदा त्याने आईचा हात झटकून टाकला. मला त्याचा फार राग आला होता. मी तेव्हा दहा वर्षांची असेन.

इथे आल्यावर पहिला महिना मला पेशी जगवायला शिकण्यात गेला. प्रत्यारोपणासाठी वापरता न आलेल्या, दान केलेल्या फुप्फुसांमधून या पेशी काढलेल्या असतात. कुपीवर नाव नसतं. वय, पुरुष की स्त्री, दमा होता की नव्हता, एवढंच. सदतीस अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन दिवसांनी नवं द्रावण. भांड्यात दाटी झाली की त्यांना सोडवून नव्या भांड्यांत वाटून द्यायचं. प्रयोगाआधी एक-दोन दिवस द्रावणातलं सीरम काढून घ्यायचं; इथल्या बोलीत त्याला पेशी उपाशी ठेवणं म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. भांडं भरलं की एकमेकींना लागून एका दिशेने पसरतात, आणि मग उंच-सखल, उंच-सखल असा आकार उमटतो. मला पहिल्यांदा तो दिसला तेव्हा आमच्या रानातल्या सरी-वरंब्याची आठवण आली, आणि मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही.

शरीरात या पेशी कुठे बसतात, तेही मला पहिल्यापासून शिकावं लागलं. घशाखालच्या मोठ्या श्वासनलिकेला इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या कूर्चेच्या कड्या असतात. त्यांची उघडी बाजू पाठीकडे असते आणि तिथे हा स्नायू दोन टोकांना जोडतो. पुढे नळीला फाटे फुटत जातात, एकूण सुमारे तेवीस वेळा. कूर्चा हळूहळू संपते. स्नायू मात्र बारीक नळ्यांभोवती वेढे घालत आतपर्यंत जातो. हा आवळला की नळी अरुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा रोध सोळापट होतो. हे सूत्र मी पंपांच्या तासाला शिकले होते, पण दादाच्या छातीशी त्याचा संबंध जोडण्याची वेळ तेव्हा आली नव्हती.

मी विचारलं, या स्नायूचं काम काय? हृदयाचा स्नायू रक्त ढकलतो, आतड्याचा अन्न पुढे सरकवतो. हा काय करतो? मला वाटलं होतं, हे पाठ्यपुस्तकात पहिल्या ओळीत असेल. तसं नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या वेन मिट्झनर यांनी 2004 मध्ये या स्नायूला फुप्फुसाचं अपेंडिक्स म्हटलं. म्हणजे निरोगी माणसात याच्यावाचून काही अडताना दिसत नाही, आणि बिघडला की जीव घाबरा करतो. या मताला विरोध करणारेही आहेत. पण ज्याच्या कामाबद्दलच एकमत नाही अशा गोष्टीवर पाच वर्षं घालवायची, या विचाराने मी त्या आठवड्यात नीट झोपले नाही.

मग मोजणी सुरू झाली आणि खरा गोंधळ उडाला.

एक पेशी किती ताठ आहे हे मोजायला यूटीएमचे जबडे चालत नाहीत. इथे चुंबकीय मणी वापरतात. एकेक मणी साडेचार मायक्रोमीटरचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान. त्यावर एका छोट्या प्रथिन-तुकड्याचा लेप असतो. पेशीच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. बाहेरच्या जगाला धरून ठेवणारे ते पेशीचे हात. ती त्या लेपाला घट्ट पकडतात, आणि इंटिग्रिनमार्फत मणी पेशीच्या आतल्या सांगाड्याला जोडला जातो. मग चुंबकीय क्षेत्राने मण्याला हलकेच पिळायचं आणि कॅमेऱ्याने पाहायचं, की तो किती सरकतो. जास्त सरकला तर पेशी मऊ, कमी सरकला तर ताठ. मला ही युक्ती फार आवडली. बुशच्या आतल्या नळीला पीळ देऊन आम्ही तेच तर करत होतो.

ताणण्याची सोय वेगळी. पेशी मऊ जेलवर बसलेली असते. तिच्याभोवती एक बारीक कडी जेलवर काही सेकंद दाबायची, म्हणजे मधला भाग सगळीकडून थोडा ताणला जातो. आम्ही साधारण दहा टक्के ताणतो. मग कडी उचलायची. जेल पूर्वीसारखं सपाट, पेशी पूर्वीच्या लांबीला.

मी ताणण्याआधी ताठरपणा मोजला. कडी दाबली, उचलली, लगेच पुन्हा मोजला. आकडा जवळजवळ निम्म्यावर आलेला. मला वाटलं, मणी सुटला. दुसरा मणी घेतला, तेच. चुंबकाच्या तारा तपासल्या, कॅमेरा तपासला, सगळं यंत्र नव्याने जुळवून घेतलं. त्यात दीड तास गेला. परत येऊन त्याच पहिल्या पेशीवरचा मणी मोजला तर आकडा वर चढलेला, जवळपास पहिल्याइतका. तीन मोजण्या आणि तीन आकडे, आणि पेशी तीच. मी वहीत तिन्ही लिहिले आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. कोणता खरा, हे मला ठरवता येईना.

माझ्याबरोबर काम करणारी पोस्टडॉक वही बघून फक्त एवढंच म्हणाली, "प्रत्येक मोजणीच्या आधी तू काय केलं होतंस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तिन्ही खरे आहेत."

हे वाक्य मला पचायला आठवडा लागला. मी तिला मलिन्स परिणामाबद्दल सांगितलं. पहिल्या पाच फेऱ्या आम्ही टाकून द्यायचो, इथेही तसंच करू या, पेशी चांगली पंधरा-वीस वेळा ताणून घेऊ आणि मग स्थिर आकडा लिहू. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुप्फुसात ती कधी स्थिर असते?"

मी माझ्याच खोलीत बसून हिशेब केला. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाला एकवीस हजार सहाशे. फुप्फुसाची ऊती प्रत्येक नळीला चहूबाजूंनी धरून असते, मांडवाच्या खांबाला तणावे बांधावेत तशी. श्वास घेतला, फुप्फुस फुगलं, की हे तणावे नळीला बाहेर ओढतात आणि तिच्याभोवतीचा स्नायू ताणला जातो. साध्या श्वासाला सुमारे चार टक्के. आणि दर पाच-सहा मिनिटांनी, आपल्या नकळत, आपण एक मोठा उसासा टाकतो. त्याचा ताण याच्या कितीतरी पट असतो. आजी मला दटावायची, तिन्हीसांजेला उसासे टाकू नकोस म्हणून. ते बंद करणं माणसाच्या हातात नसतं, हे तिला सांगायला हवं होतं. म्हणजे हा स्नायू आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून कधीच निवांत बसलेला नाही. आणि आम्ही त्याला पॉलिस्टायरीनच्या भांड्यात ठेवून त्याचा अभ्यास करतो! पॉलिस्टायरीनचा ताठरपणा तीन गिगापास्कलच्या आसपास, फुप्फुसाच्या ऊतीचा काही किलोपास्कल. दहा लाख पटींचा फरक. आकड्यांची ही भाषा माझी होती, त्यामुळे मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. भांड्यातली पेशी दगडावर बसली आहे, आणि तो दगड श्वास घेत नाही.

त्यानंतर मी जुने निबंध वाचायला घेतले. सुझन गन्स्ट यांनी 1983 मध्येच कुत्र्याच्या श्वासनलिकेचा स्नायू लयीत मागेपुढे ताणून दाखवलं होतं, की असा हलता ठेवलेला स्नायू स्थिर धरलेल्या स्नायूपेक्षा कमी जोर लावतो. हार्वर्डमधल्या जेफ्री फ्रेडबर्ग यांच्या गटाने 1990च्या दशकात त्याचं कारण स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनात शोधलं. स्नायू आवळतो तो मायोसिनची डोकी ॲक्टिनच्या धाग्यांना पकडून ओढतात म्हणून. या जातीच्या स्नायूत एक खास गोष्ट घडते : काही वेळ आवळून राहिल्यावर ही डोकी सुटायचं नावच घेत नाहीत. अगदी थोड्या ऊर्जेवर, कडी लावलेल्या दारासारखा स्नायू आहे त्या स्थितीत अडकून राहतो. प्रत्येक श्वास ही पकड वेळेआधीच तोडतो. सुटलेलं डोकं पुन्हा पकडायला जातं, तोवर पुढचा श्वास येतो. श्वासाची ही ये-जा थांबली, किंवा स्नायूपर्यंत पोचेनाशी झाली, की स्नायू गोठल्यासारखा ताठ होतो. वाचता वाचता मी नकळत एक खोल श्वास घेतला आणि छातीत काय काय सुटत असेल, त्याकडे लक्ष देऊन बसले.

तरीही माझे तीन आकडे नुसत्या मायोसिनने पुरते सुटत नव्हते. 2001 मध्ये बेन फॅब्री, फ्रेडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मण्यांनी याच पेशी मोजल्या. शंभर सेकंदांत एक हेलकावा इतक्या संथ गतीपासून सेकंदाला हजार हेलकाव्यांपर्यंत. घन पदार्थ असता तर वेग बदलूनही ताठरपणा तोच राहिला असता. द्रव असता तर वेगाच्या प्रमाणात वाढत गेला असता. पेशी दोन्हींच्या मध्ये निघाली, घनाच्या बाजूला झुकलेली. कुठेही विशिष्ट वेगाला टप्पा नाही, वळण नाही. एकच सरळ, मंद चढती रेघ. फेस, मलम, चिखल असे पदार्थ असे वागतात. त्यांच्या आतले कण एकमेकांत अडकून बसलेले असतात. ढवळलं की सुटतात, सोडून दिलं की पुन्हा हळूहळू अडकतात. 2007 मध्ये शाविए त्रेपात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एका क्षणिक ताणाने पेशी पटकन सैल, द्रवासारखी होते आणि मग सावकाश पुन्हा घट्ट होते. माझी पहिली, दुसरी आणि तिसरी मोजणी म्हणजे हीच गोष्ट होती. मी ती यंत्राचा दोष समजून दीड तास तारा तपासत बसले होते.

आई चक्का फेटते ते मला तेव्हा आठवलं. फडक्यातून काढलेला चक्का पातेल्यात उभा राहतो, त्यात चमचा रोवला तर पडत नाही. फेटायला लागलं की तो वाहू लागतो. आणि थोडा वेळ झाकून ठेवला की परत धरतो. चक्क्याचा खरा ताठरपणा किती, असं आईला कुणी विचारलं तर ती विचारेल, फेटलेल्या की न फेटलेल्या?

गोंधळ इथे संपला असं वाटत असतानाच मला 1993चा एक निबंध मिळाला. मण्यांच्याच पद्धतीने तिथे उलट दिसलं होतं : जोर लावला की पेशी अधिक ताठ होते, जणू ओढीला प्रतिकार म्हणून सांगाडा घट्ट करते. मी दोन्ही निबंध शेजारीशेजारी ठेवून आलेख बघत राहिले. ताणल्यावर पेशी मऊ होते की ताठ? मला आता असं वाटतं, की या दोन प्रयोगांचे प्रश्नच वेगळे होते. एकाने ओढ चालू असताना मोजलं, दुसऱ्याने ताण देऊन तो काढून घेतल्यावर. रबरातही आपण या दोन मोजण्या एका रकान्यात लिहीत नाही. पण हे मी बोलते आहे ते आठ महिन्यांच्या अनुभवावर, आणि या विषयात तीस वर्षं घालवलेली माणसं अजून त्यावर हिरिरीने बोलतात.

मार्चमध्ये एका गुरुवारी आमच्या वाचनगटात 1995चा एक निबंध माझ्या वाट्याला आला. तो मांडताना माझा आवाज अडकला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

हा प्रयोगही जॉन्स हॉपकिन्सचा, ग्वेन स्क्लूट, सोल्बर्ट पर्मट आणि अल्किस टोगियास यांचा. मेथाकोलिन हे श्वासनलिका आवळणारं औषध आहे. दमा आहे का हे तपासायला ते श्वासावाटे देतात. दमेकऱ्याच्या नळ्या थोड्याशा मात्रेनेच आवळतात, निरोगी माणसाच्या सहसा आवळत नाहीत. या संशोधकांनी निरोगी माणसांवर एकच बंधन घातलं : औषधाआधी आणि चाचणीच्या वेळात मोठा श्वास घ्यायचा नाही. साधे, उथळ श्वास फक्त. उसासासुद्धा नाही. तेवढ्याने निरोगी माणसांच्या नळ्या दमेकऱ्यांसारख्या आवळू लागल्या. म्हणजे आपण रोज जे वाचतो, ते आपले स्नायू दुबळे आहेत म्हणून नव्हे. अधूनमधून घेतलेला एक मोठा श्वास स्नायूची पकड तोडून जातो म्हणून वाचतो. आणि दमेकऱ्यांवर हेच बंधन घातलं, तर त्यांच्यात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. कारण त्यांच्या बाबतीत मोठा श्वास मुळातच ते काम करत नव्हता.

मी स्लाइडसमोर उभी होते आणि मला आमच्या घरातली ती भिंत दिसत होती. आई पाठीवरून हात फिरवते आहे, आम्ही सगळे म्हणतो आहोत, मोठा श्वास घे, मोठा श्वास घे. निरोगी माणसांच्या छातीत जे चालतं, तेच आम्ही त्याच्याकडे मागत होतो.

नंतर खोलात गेल्यावर चित्र आणखी गुंतागुंतीचं निघालं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये हेन्री हाइड सॉल्टर नावाचे डॉक्टर होते. त्यांना स्वतःला दमा होता आणि 1860 मध्ये त्यांनी दम्यावर मोठं पुस्तक लिहिलं. लांब, भरभरून घेतलेल्या श्वासाने आवळलेली नळी सुटते, असं त्यांनी नोंदवलं आहे. दमेकरी माणूस स्वतःच्या छातीवरून सांगतो आहे, मग त्याला खोटं कसं म्हणायचं? आजवरच्या चाचण्यांवरून दिसतं ते असं, की आजार सौम्य असेल आणि नळ्या औषधाने मुद्दाम आवळलेल्या असतील, तर मोठा श्वास दमेकऱ्यालाही थोडा सोडवतो. पण आपोआप आलेल्या जोरदार अटॅकमध्ये, नळीला सूज असताना, तोच श्वास नळ्या आणखी आवळू शकतो. सुजेमुळे ते तणावे सैल पडतात, ओढ स्नायूपर्यंत पोचत नाही. ओढ मिळाली नाही म्हणून स्नायू ताठ होतो, आणि ताठ झाला म्हणून पुढची ओढ त्याला आणखी कमी ताणते.

हे इतकं सुसंगत वाटत होतं, की मी ते दोन आठवडे भेटेल त्याला सांगत सुटले. मग पोस्टडॉकने माझ्या टेबलावर 2010चा एक निबंध ठेवला. याच शहरातल्या बॉस्टन विद्यापीठातला. अ‍ॅडम लाप्राड, केनेथ लुचेन आणि सहकाऱ्यांनी सुट्या स्नायूपट्टीऐवजी अख्खी नळी घेतली, तिची भिंत, कूर्चा सगळं जागच्या जागी ठेवून. तिला रोजच्या श्वासाइतका दाबाचा चढउतार दिला. पट्टीवर दिसायचा तो मोठा परिणाम तिथे दिसलाच नाही. आवळलेली नळी इतकी ताठ असते, की त्या दाबाने तिच्या स्नायूला चार टक्क्यांचा ताण मिळतच नाही. पट्टी ताणताना आपण ठरवतो, किती लांबवायची; अख्ख्या नळीत ते नळीच ठरवते. यंत्र शिकलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं असं मला वाटलं, कारण लांबी ठरवून जोर मोजणं आणि जोर ठरवून लांबी मोजणं यातला फरक आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवतात. त्या दिवशी मी उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबले. वाईट वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी कामाची ओढही वाटली. साधा श्वास पुरत नाही, मोठा श्वास निरोगी नळी उघडतो, मग दम्याच्या नळीत बिघडतं ते नेमकं कुठे : स्नायूत, भिंतीत की तणाव्यात? आमच्या गटातले वाद आता याच तीन शब्दांभोवती फिरतात.

एका निबंधाने मात्र मी घाबरले. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गटाने सौम्य दमा असलेल्या स्वयंसेवकांच्या नळ्या काही दिवसांच्या अंतराने तीनदा आवळवल्या. काहींना धुळीतल्या किड्यांच्या ॲलर्जीने, काहींना नुसत्या मेथाकोलिनने, ज्याने ॲलर्जीची सूज येत नाही. नंतर नळीच्या अस्तराचे तुकडे काढून पाहिले. दोन्ही गटांत अस्तराखालचा कोलॅजनचा थर जाड झालेला. ज्यांना आधी नळी उघडणारं औषध देऊन मग मेथाकोलिन दिलं, त्यांच्यात तसं झालं नाही. म्हणजे नुसतं आवळलं जाणं, तो दाबच, पेशींसाठी निरोप असतो : इथे भिंत जाड करा. मी कराडच्या त्या सगळ्या रात्री मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. डॉक्टर दादाला रोजचा पंप चुकवू नको म्हणून इतकं का बजावतात, आणि तो का कंटाळा करायचा, या दोन्ही गोष्टी त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर एकत्र उभ्या राहिल्या.

मी त्याच्या दुसऱ्या, अटॅक आल्यावर घ्यायच्या पंपातलं औषधही मण्यांवर पाहिलं आहे, म्हणजे त्याच जातीचं. आधी हिस्टामिन घातलं. पेशी ताठ झाली, मणी जागचा हलेना. मग त्या पंपातल्या औषधाच्या जातीचं आयसोप्रोटेरेनॉल. काही मिनिटांत मण्याचे हेलकावे लांब लांब होत गेले. साडेचार मायक्रोमीटरचा मणी, पडद्यावर राखाडी ठिपका. मी त्याची चित्रफीत दादाला पाठवली. त्याने नुसता अंगठा पाठवला.

गेल्या रविवारी इकडे सकाळ आणि तिकडे संध्याकाळ असताना फोन केला. तो अंगणात होता.

"दादा, अटॅक आला की मोठा श्वास घेतल्यावर काय होतं?"

"काय होतं म्हणजे?"

"बरं वाटतं का थोडं?"

तो जरा वेळ गप्प राहिला. "नाही गं. आधी तर आत जातच नाही. आणि कसाबसा घेतला, तर छाती अजून गच्च होते. आई म्हणायची म्हणून घ्यायचो."

मी त्याला निरोगी माणसांवरच्या त्या प्रयोगाबद्दल सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "बरं झालं कुणीतरी मोजलं ते." मग त्याने फोन आईकडे दिला. तिने मागून सगळं ऐकलेलं होतं.

"मग आता मी काय म्हणायचं गं त्याला?"

"काही म्हणू नकोस. पंप दे, स्पेसर लावून. आराम पडला नाही तर लगेच दवाखाना."

"ते तर मी करतेच," आई म्हणाली. "पण शेजारी बसलं की तोंडाने काहीतरी म्हणावं लागतं ना."